रहस्यकादंबरीतील वयस्क स्त्री-शोधक

रहस्यकादंबरीच्या एका उपप्रकारातील प्रमुख पात्र. पोलीस खात्याशी किंवा वकिलीशी संबंध नसलेली, उतारवयाकडे झुकलेली अथवा वृद्ध स्त्री केवळ निरीक्षण, स्मरण व तर्क यांच्या बळावर गुन्ह्याचा उलगडा करते, असे या उपप्रकाराचे सर्वसाधारण सूत्र असते. इंग्रजीत अशा कादंबऱ्यांना ‘कोझी’ म्हणजे उबदार, घरगुती असे विशेषण लावले जाते. त्यांत गुन्हा बहुधा खुनाचाच असतो. तथापि रक्तपात, क्रौर्य व लैंगिक तपशील पडद्याआड ठेवलेले असतात आणि वाचकाचे लक्ष कोड्याच्या उकलीवर केंद्रित केलेले असते. या पात्राचे महत्त्व केवळ मनोरंजनापुरते मर्यादित नाही. समाज ज्यांचे बोलणे एरवी हिशेबात धरत नाही, त्यांची साक्ष ग्राह्य मानली तर काय घडते, हा प्रश्न या कादंबऱ्यांच्या मुळाशी आहे. मराठी रहस्यकादंबरीत हे पात्र ठळकपणे का अवतरले नाही, याचा विचारही त्याच प्रश्नाशी येऊन भिडतो. परभणी जिल्ह्यातील एक संतकथा आणि एक फौजदारी प्रकरण या दृष्टीने उद्‌बोधक ठरतात.

स्वरूप व तंत्र : या कादंबऱ्यांचे स्थळ लहान असते. एखादे खेडे, निमशहरी वस्ती, मोठे घर किंवा विश्रामधाम एवढ्यातच कथा घडते. सर्व पात्रे एकमेकांना ओळखतात, निदान ओळखतो असे समजतात. या बंदिस्त वस्तीत एक मृत्यू घडतो. संशयितांची संख्या मर्यादित असते. प्रत्येकाजवळ लपविण्यासारखे काही ना काही असते आणि लेखक जाणूनबुजून काही फसवे माग पेरून ठेवतो. उलगड्यासाठी लागणारी सर्व माहिती वाचकासमोरही ठेवली पाहिजे, हा संकेत १९२० ते १९४० या काळात इंग्लंडमध्ये दृढ झाला. रोनाल्ड नॉक्स याने १९२९ मध्ये याविषयीचे दहा नियम सांगितले, तर १९३० मध्ये लंडनमध्ये रहस्यकथालेखकांची ‘डिटेक्शन क्लब’ ही संस्था स्थापन झाली. वाचकाशी प्रामाणिक राहण्याची शपथ तिच्या सभासदांना घ्यावी लागे.

वयस्क स्त्री-शोधकाची पद्धती प्रयोगशाळेची नसते. पडद्याचे कापड कधी बदलले, चहाचे किती पेले धुतले गेले, मोलकरणीने नोकरी अचानक का सोडली, बागेतील कोणते रोप अवेळी उपटले गेले, अशा तपशिलांतून ती अनुमान काढते. तिचे दुसरे साधन साम्यानुमान हे होय. समोरच्या प्रतिष्ठित माणसाचे वागणे पाहून तिला आपल्या गावातील एखाद्या दुकानदाराची किंवा पोऱ्याची आठवण होते आणि त्या ओळखीच्या लबाडीवरून ती अनोळखी लबाडी हेरते. शितावरून भाताची परीक्षा करण्याची ही रीत स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणत्याही स्त्रीस परिचित असते; कादंबरीकार फक्त तिला गुन्ह्याच्या क्षेत्रात नेतो. तिसरे साधन म्हणजे तिच्याकडे होणारे दुर्लक्ष. विणकाम करीत कोपऱ्यात बसलेल्या वृद्धेसमोर लोक मोकळेपणाने बोलतात, कारण ती ऐकत आहे हे त्यांच्या ध्यानीच येत नाही.

उगम व विकास : एडगर ॲलन पो (१८०९–४९) याच्या १८४१ मधील कथेपासून आधुनिक रहस्यकथेचा आरंभ मानला जातो. लंडनच्या पोलीस दलात १८४२ मध्ये स्वतंत्र अन्वेषण शाखा निघाली आणि त्यानंतरच्या दोन दशकांत गुप्त पोलीस हा कथेचा विषय झाला. प्रत्यक्ष पोलीस खात्यात स्त्रियांना प्रवेश नसतानाच १८६४ मध्ये स्त्री-गुप्तहेरांच्या कथांची पुस्तके इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. तथापि त्यांतील नायिका वेतन घेऊन काम करणाऱ्या होत्या. हौशी व प्रौढ स्त्री-शोधकाची पहिली ठसठशीत व्यक्तिरेखा अमेरिकन लेखिका ॲना कॅथरीन ग्रीन (१८४६–१९३५) हिने दॅट अफेअर नेक्स्ट डोअर या १८९७ च्या कादंबरीत निर्माण केली. न्यूयॉर्कमधील सुस्थितीतील अविवाहित बाई अमेलिया बटरवर्थ शेजारच्या घरातील मृत्यूचा शोध घेते आणि अनुभवी पोलीस अधिकारी ग्राइस याच्याशी बरोबरीने वाद घालते. आपण शेजाऱ्यांकडे डोकावत नाही असे ती सांगत राहते, पण खिडकीपासून हलत नाही. या विसंगतीतून पात्रात विनोद व जिवंतपणा आला आहे. मेरी रॉबर्ट्‌स राइनहार्ट (१८७६–१९५८) हिच्या द सर्क्युलर स्टेअरकेस (१९०८) मधील रेचल इनेस ही प्रौढ अविवाहित बाई उन्हाळ्यापुरत्या भाड्याने घेतलेल्या घरात अशाच गूढ घटनांना तोंड देते.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये या पात्राला विशेष बहर आला. त्याला सामाजिक कारण होते. युद्धात तरुण पुरुष मोठ्या संख्येने मारले गेले आणि १९२१ च्या ब्रिटिश जनगणनेत पुरुषांपेक्षा स्त्रियांची संख्या सुमारे १७ लाखांनी अधिक आढळली. अविवाहित राहिलेल्या या स्त्रियांचा उल्लेख वृत्तपत्रांतून ‘अतिरिक्त’ असा होऊ लागला. डॉरोथी एल. सेयर्स (१८९३–१९५७) हिने अननॅचरल डेथ (१९२७) या कादंबरीत मिस क्लिम्पसन ही प्रौढ कुमारिका रंगविली. अशा स्त्रियांच्या अंगची चौकसबुद्धी राष्ट्राने वाया घालविली आहे, असे कादंबरीतील लॉर्ड विम्झी यास वाटते आणि तो तिला माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमतो. पॅट्रिशिया वेंटवर्थ या लेखिकेचा जन्म भारतात मसुरी येथे झाला होता. तिच्या मिस सिल्व्हर या निवृत्त शिक्षिकेची पहिली कादंबरी १९२८ मध्ये आली. पुढे त्या मालेत एकूण ३२ कादंबऱ्या झाल्या. मात्र मिस सिल्व्हर शुल्क घेऊन काम करते, म्हणून ती काटेकोर अर्थाने हौशी नव्हे.

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध व्यक्तिरेखा ॲगाथा ख्रिस्ती (१८९०–१९७६) हिची मिस जेन मार्पल ही होय. सेंट मेरी मीड या काल्पनिक खेड्यात राहणारी ही वृद्धा डिसेंबर १९२७ मध्ये एका मासिकातील कथेतून प्रथम वाचकांसमोर आली. द मर्डर ॲट द व्हिकारेज (१९३०) ही तिची पहिली कादंबरी. स्लीपिंग मर्डर ही शेवटची कादंबरी लेखिकेच्या मृत्यूनंतर १९७६ मध्येच प्रसिद्ध झाली. एकूण १२ कादंबऱ्या व २० कथा यांतून मिस मार्पल वावरते. तिची पूर्वखूण द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड (१९२६) मधील डॉक्टर शेपर्डच्या बहिणीत सापडते. ही कॅरोलाइन घराबाहेर न पडता गावातील प्रत्येक बातमी मिळविते. १९२८ मध्ये या कादंबरीचे नाटक झाले, तेव्हा नाटककाराने कॅरोलाइनच्या जागी एक तरुण मुलगी घातली. ख्रिस्तीला हा बदल रुचला नाही. प्रौढ, अविवाहित, चौकस बाई रंगभूमीवर कोणाला पाहावयाची नसते, या समजुतीला मिस मार्पल हे तिने दिलेले उत्तर मानता येईल. माणसांविषयी सर्वांत वाईट तेच गृहीत धरावे आणि ते बहुधा खरे ठरते, हा मिस मार्पलचा स्वभाव ख्रिस्तीने आपल्या आजीवरून घेतला होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर गुन्हेगारी कादंबरी अधिक कठोर व वास्तववादी झाली, तरी हे पात्र मागे पडले नाही. मर्डर, शी रोट (१९८४–९६) या अमेरिकन दूरदर्शन मालिकेत अँजेला लॅन्सबरी हिने लेखिका असलेल्या विधवा शोधकाची भूमिका केली. रिचर्ड ऑस्मन याच्या द थर्सडे मर्डर क्लब (२०२०) या कादंबरीत निवृत्तांच्या वसाहतीतील वृद्ध स्त्री-पुरुष एकत्र येऊन जुन्या व नव्या खुनांचा शोध घेतात. भारतीय भाषांपैकी बंगालीत या पात्राला अनुरूप असे नाव सहज सापडले. ऋतुपर्ण घोष यांच्या शुभ महूरत (२००३) या चित्रपटात ख्रिस्तीच्या एका मार्पल-कादंबरीचे रूपांतर असून त्यात राखी यांनी रांगापिशिमा ही विधवा आत्या साकारली आहे. ‘मिस’ जाऊन ‘पिशिमा’ येणे हा केवळ भाषांतराचा भाग नव्हता. नात्याच्या जाळ्यातच स्त्रीला वय व अधिकार मिळतो, हे भारतीय वास्तव त्यातून व्यक्त झाले.

मराठी रहस्यकादंबरी : मराठी रहस्यकादंबरीचा पाया गो. ना. दातार (१८७३–१९४१) यांनी घातला. कालिकामूर्ती, इंद्रभुवनगुहा, चतुर माधवराव, बंधुद्वेष इ. त्यांच्या कादंबऱ्या रेनल्ड्‌स या इंग्रज कादंबरीकाराच्या रचनांचा आधार घेऊन लिहिल्या होत्या. भुयारे, गुप्त दरवाजे, हरवलेले वारस, वेषांतर व वारशाचे तंटे ही त्यांची सामग्री होती. तीत अनुमानापेक्षा साहसाला महत्त्व होते. पुढे बाबुराव अर्नाळकर (१९०६–९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून विक्रम केला आणि मराठी वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. झुंजार, काळापहाड, धनंजय व त्याचा साथीदार छोटू हे त्यांचे नायक चपळ, धाडसी व प्रसंगी कायद्याच्या बाहेर जाऊन न्याय देणारे होते. गुरुनाथ नाईक, सुहास शिरवळकर (१९४८–२००३) प्रभृतींनी ही परंपरा पुढे नेली. शिरवळकरांच्या अमर विश्वास या वकील नायकामुळे न्यायालयीन उलटतपासणीला मराठी रहस्यकथेत स्थान मिळाले. हौशी शोधकाचे पात्रही मराठीला अपरिचित नव्हते, भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांचा फास्टर फेणे हा शाळकरी मुलगा मोठ्यांनी दुर्लक्षिलेल्या गोष्टी टिपतो व त्यांवरून कट उघडकीस आणतो. मुलाकडे होणारे दुर्लक्ष हे त्याचे साधन होते. वृद्ध स्त्रीकडे होणाऱ्या दुर्लक्षाचा तसा उपयोग मात्र रहस्यकादंबरीने क्वचितच केला.

ख्रिस्तीच्या कादंबऱ्या अनुवादांतून मराठीत आल्या. नाट्य-अभिनेते मधुकर तोरडमल (१९३२–२०१७) यांनी तिच्या अनेक पुस्तकांचे अनुवाद केले. या अनुवादांच्या वाटेतील एक मूलभूत अडचण ध्यानी घेण्यासारखी आहे. सत्तरीच्या अविवाहित बाईला ‘कुमारी’ म्हणणे मराठीत हास्यास्पद वाटते आणि ‘बाई’, ‘मावशी’, ‘आत्याबाई’ यांपैकी कोणतेही संबोधन वापरले की तिच्याभोवती एक कुटुंब उभे करावे लागते. एकट्याने राहणारी, स्वतःचे घर व बाग असलेली, कोणाच्याही आश्रयाखाली नसलेली वृद्ध कुमारिका ही व्यक्तीच मराठी समाजरचनेत दुर्मिळ होती.

याउलट एकत्र कुटुंबातील विधवा आत्या किंवा आजी सर्वत्र होती. स्वयंपाकघर, माजघर, बाळंतिणीची खोली, देवघर येथे तिचा वावर असे. कोठीच्या किल्ल्या, दागिन्यांचे डबे, सोयरिकींचे इतिहास आणि भावकीतील जुनी वैरे तिला ठाऊक असत. मंगलकार्यात तिने पुढे यावयाचे नसे, म्हणून ती मागे राहून सर्व पाहत असे. शोधकाला लागणारी सर्व साधने तिच्याजवळ होती. परंतु मराठी कादंबरीने तिच्याकडे मुख्यतः करुणेच्या दृष्टीने पाहिले. बाबा पदमनजी यांच्या यमुनापर्यटन (१८५७) या कादंबरीचा विषयच विधवांची दुःस्थिती हा होता. ह. ना. आपटे यांच्या पण लक्षांत कोण घेतो? या १८९० पासून क्रमशः प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत यमू आपली कहाणी स्वतः सांगते. घरातील माणसांचे अंतरंग ती अचूक ओळखते, पण त्या ओळखीचा तिला उपयोग करता येत नाही. सामाजिक सुधारणेच्या दृष्टीने हे चित्रण आवश्यकच होते. मात्र त्यामुळे विधवा ही दुःख सोसणारी व्यक्ती म्हणून मराठी वाङ्‌मयात स्थिरावली. बुद्धी चालविणारी व निष्कर्ष काढणारी व्यक्ती म्हणून तिची कल्पना मागे पडली. वयस्क स्त्रीची मिस्कील, चौकस व निर्भय दृष्टी मराठी गद्यात आलीच नाही असे नव्हे. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या स्मृतिचित्रे या १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात ती पुरेपूर आढळते. ती आत्मचरित्रात आली. रहस्यकादंबरीत आली नाही.

ही उणीव अधिकच नजरेत भरते, कारण मराठी गद्याचा आरंभ चौकशीच्या पद्धतीनेच झाला होता. म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लीळाचरित्र सिद्ध केले, ते चक्रधरांच्या सहवासात राहिलेल्या व्यक्तींना भेटून, त्यांच्या आठवणी विचारून व परस्परांशी ताडून पाहून. या साक्षीदारांत स्त्रिया होत्या. त्यांपैकी महदाइसा ही विधवा शिष्या प्रश्न विचारण्याच्या तिच्या चिकाटीबद्दल प्रसिद्ध आहे. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी स्त्रीची आठवण प्रमाण म्हणून नोंदविली जात होती, ही गोष्ट लक्षणीय आहे.

परभणी जिल्ह्यातील दोन प्रकरणे : गोदावरी परभणी जिल्ह्यातून वाहते आणि तिच्या काठचे गंगाखेड हे संत जनाबाई हिचे जन्मगाव मानले जाते. लहानपणीच ती पंढरपुरास नामदेवांच्या घरी दासी म्हणून राहिली. संतचरित्रांत व कीर्तनपरंपरेत तिच्याविषयी सांगितली जाणारी एक कथा रचनेने रहस्यकथाच आहे. विठ्ठलाच्या गळ्यातील रत्नपदक नाहीसे होते. शोध घेता ते जनाबाईच्या झोपडीत सापडते. ती दासी, एकटी व निर्धन. म्हणून चोरी तिनेच केली हे सर्वांना लगेच पटते आणि तिला सुळावर चढविण्याची शिक्षा होते. रात्री देव स्वतः तिच्याकडे आला होता आणि जाताना आपले वस्त्राभूषण विसरून तिची वाकळ पांघरून गेला, हे श्रोत्यांना ठाऊक असते, पुजाऱ्यांना नसते. देवाच्या अंगावर वाकळ कशी आली, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. शेवटी सुळाचे पाणी होते व तिची सुटका होते. श्रद्धेच्या दृष्टीने ही कथा भक्तीची महती सांगते. तपासाच्या दृष्टीने पाहता, परिस्थितिजन्य पुरावा गरीब स्त्रीविरुद्ध किती चटकन पुरेसा मानला जातो, हे ती सांगते. मुद्देमाल सापडला की चौकशी संपते. निर्दोष ठरण्यासाठी तिला चमत्काराची वाट पाहावी लागते, कारण तिचे म्हणणे तपासून पाहणारे मनुष्य कथेत नाही. रहस्यकादंबरीतील वृद्ध शोधक नेमकी हीच रिकामी जागा भरून काढते.

दुसरे प्रकरण आधुनिक काळातील व प्रत्यक्ष घडलेले आहे. मानवत हे परभणी जिल्ह्यातील कापसाच्या बाजारपेठेचे गाव. मराठवाडा तीव्र दुष्काळाने होरपळत असताना, नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात तेथे व परिसरात खुनांची मालिका घडली. तीत स्त्रिया व लहान मुली बळी पडल्या. गुप्तधनाची लालसा व नरबळीविषयीची अंधश्रद्धा या हत्यांमागे असल्याचे तपासात पुढे आले. स्थानिक तपासाला यश न आल्याने मुंबईहून रमाकांत कुलकर्णी या पोलीस अधिकाऱ्याला पाचारण करण्यात आले. १९६८ मध्ये मुंबईतील रामन राघव प्रकरणाचा तपास त्यांनी केला होता. मानवतचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. काही आरोपींना फाशीची शिक्षा झाली. ज्यांच्यावर कटाचा मुख्य आरोप होता, त्यांच्याविरुद्धचा आरोप मात्र न्यायालयात अखेर टिकला नाही. कुलकर्णी यांनी पुढे आपल्या तपासांविषयी इंग्रजीत लिहिले आणि २०२४ मध्ये या प्रकरणावर मानवत मर्डर्स ही मराठी मालिका प्रदर्शित झाली.

मानवत आणि सेंट मेरी मीड यांची तुलना करणे वरवर पाहता विचित्र वाटेल. परंतु उबदार रहस्यकादंबरीच्या सर्व गृहीतकांची परीक्षा येथे होते. गाव लहान आहे आणि माणसे एकमेकांना ओळखतात, एवढ्याने सत्य बाहेर येत नाही. कादंबरीतील खेड्यात लोक बोलतात म्हणून शोध लागतो. जेथे भीती, वजनदार माणसांचा दबाव आणि दैवी कोपाची समजूत असते, तेथे माहिती असणारेच गप्प बसतात. कादंबरीत एका मृत्यूने गावाची शिस्त बिघडते व उलगड्यानंतर ती पूर्ववत होते. प्रत्यक्षात ज्या घरांतील मुली गेल्या, त्या घरांसाठी पूर्ववत असे काही उरत नाही. गुप्तधन, करणी व नरबळी यांविरुद्ध महाराष्ट्रात स्वतंत्र कायदा होण्यास २०१३ साल उजाडावे लागले.

कुजबूज आणि पुरावा : वयस्क स्त्री-शोधकाचे भांडवल म्हणजे गावगप्पा. पाणवठा, जाते, बाळंतपण, हळदीकुंकू, बाजार या ठिकाणी स्त्रियांच्या बोलण्यातून गावाची माहिती फिरत असते. कायद्याच्या दृष्टीने मात्र ऐकीव माहिती हा पुरावा नव्हे. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ याने तोंडी पुरावा प्रत्यक्षच असला पाहिजे, असा दंडक घातला होता. म्हणजे पाहिलेल्या गोष्टीविषयी पाहणाऱ्याने व ऐकलेल्या गोष्टीविषयी ऐकणाऱ्यानेच साक्ष दिली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. हा दंडक न्याय्य आहे, कारण अफवेवरून कोणालाही शिक्षा होऊ नये. जनाबाईच्या कथेतील गर्दीला जे वाटते, तेच न्यायालयाला वाटले असते तर निर्दोष व्यक्ती सुळावर गेली असती.

तथापि पुरावा म्हणून जे ग्राह्य नाही, ते तपासाची दिशा दाखवू शकते. कोणत्या घरातील दिवा त्या रात्री उशिरापर्यंत जळत होता, कोणाकडे अचानक पैसा आला, कोणती सून आठवडाभर दिसली नाही, ही माहिती न्यायालयात जशीच्या तशी मांडता येत नाही. पण कोठे पाहावे हे ती सांगते. चांगल्या रहस्यकादंबरीत ही पायरी काळजीपूर्वक दाखविलेली असते. मिस मार्पल गप्पांवर विश्वास ठेवीत नाही. त्या तपासून पाहते, दोन गप्पांतील विसंगती हेरते आणि शेवटी गुन्हेगाराला प्रत्यक्ष पुरावा द्यावा लागेल असा सापळा रचते. वाईट शोधक आणि चांगला शोधक यांतील फरक येथेच आहे.

साक्ष घेण्याच्या रीतीचाही येथे संबंध येतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार स्त्री-साक्षीदाराला पोलीस ठाण्यात बोलाविता येत नसे. तिच्या राहत्या ठिकाणी जाऊनच तिची विचारपूस करावी लागे. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेतही ही तरतूद आहे. म्हणजे शोधकाने वृद्धेच्या ओट्यावर जाऊन बसावे, ही कादंबरीतील कल्पना कायद्याला अगदीच परकी नाही. गावपातळीवर पोलीस पाटलाने संशयास्पद मृत्यूची खबर द्यावी, हे १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने त्याचे कर्तव्य ठरविले आहे. परंतु खबर ज्या माणसांकडून येते त्यांत वृद्ध स्त्रियांना किती विचारले जाते, हे अधिकाऱ्याच्या वृत्तीवर अवलंबून राहते. मराठवाड्याच्या बाबतीत भाषेचा अडसरही होता. १९४८ पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि न्यायालयांचे व पोलिसांचे दप्तर उर्दूत चालत असे. मराठी बोलणाऱ्या निरक्षर बाईची जबानी तिला वाचता न येणाऱ्या लिपीत, तिला नीट न कळणाऱ्या भाषेत नोंदविली जाई. आपले म्हणणे बरोबर उतरले की नाही, हे पडताळण्याचा मार्ग तिच्याजवळ नव्हता. परभणीचे कथाकार व कवी बी. रघुनाथ (१९१३–५३) यांच्या कथा-कादंबऱ्यांत निजामी राजवटीतील मराठी मध्यम व कनिष्ठ वर्गाच्या कोंडीचे जे चित्रण आढळते, त्याची पार्श्वभूमी हीच आहे. या प्रदेशातील कादंबरी कोड्यांच्या खेळाकडे न वळता वास्तवाकडे वळली, याचे आश्चर्य वाटावयास नको.

मूल्यमापन : उबदार रहस्यकादंबरीवर घेतले जाणारे आक्षेप दुर्लक्षणीय नाहीत. तीत मृत्यूचे गांभीर्य कमी होते. नोकरवर्ग बहुधा पार्श्वभूमीपुरताच असतो. परकी माणसे संशयाचे लक्ष्य बनतात आणि गुन्ह्याची सामाजिक कारणे बाजूला राहून तो एका व्यक्तीच्या दुष्टपणात सामावला जातो. मिस मार्पल स्वतः वयाने दुर्लक्षित असली तरी वर्गाने प्रतिष्ठित आहे. घरी काम करणारी मुलगी तिच्याजवळ असते आणि पोलीस अधिकारी तिच्याकडे चहाला येतात. तिच्या जागी तिची मोलकरीण असती, तर तेच अनुमान ऐकून घेतले गेले असते काय, हा प्रश्न या कादंबऱ्या सहसा विचारीत नाहीत. गंगाखेडच्या दासीची कथा तो विचारते.

असे असूनही या उपप्रकाराने एक मोलाची गोष्ट केली आहे. बुद्धी ही तरुण, सशस्त्र व अधिकारपदस्थ पुरुषाची मिरासदारी नव्हे, हे त्याने शंभराहून अधिक वर्षे लोकप्रिय वाङ्‌मयातून वाचकांच्या मनावर ठसविले आहे. घर चालविताना, आजारपणे काढताना व माणसे जोडताना मिळालेले ज्ञान हेही ज्ञानच असते आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष न्यायाच्या कामी येऊ शकतो, हा त्याचा आशय होय. मराठीत वृद्ध शोधकाची स्वतंत्र व समृद्ध परंपरा निर्माण झाली नाही. पण तिला लागणारे सर्व साहित्य लीळाचरित्रातील साक्षींपासून स्मृतिचित्रांतील निरीक्षणांपर्यंत विखुरलेले आहे. मराठीत ती निर्माण होईल तेव्हा सेंट मेरी मीडमधील बाग व चहाचे पेले तिला उपयोगी पडणार नाहीत. तिला कापसाच्या बाजारपेठेचे गाव, दुष्काळाचे वर्ष, भावकीतील वाटणी आणि गप्प बसलेले शेजारी यांच्यामधून वाट काढावी लागेल. आणि तिच्या यशाची कसोटी कोडे किती चतुराईने सुटले ही नसून, ज्यांना कोणी विचारले नव्हते त्यांना तिने विचारले की नाही, ही असेल.